अधिकमासातलं मतदान

२७ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. आपल्या पंचांगात माघ वद्य तृतीया, दुसऱ्या दिवशी संकष्टी. त्या दिवशी इस्रायलमधल्या बहुतेक शहरांत आणि गावांत लोक महापौर आणि नगरसेवक निवडायला बाहेर पडले होते, आणि ज्यू पंचांगात तारीख होती १८ अदार. पंधरा अधिक तीन अठरा, म्हणजे आपली वद्य तृतीयाच. मराठी महिना आणि ज्यू महिना, दोन्ही अमावास्या सरली की सुरू होतात, त्यामुळे तिथ्या अशा हातात हात घालून चालतात. फरक इतकाच, की आपला तो साधा माघ होता आणि त्यांचा अधिकमास.

अधिकमासात आपण लग्न-मुंज लावत नाही, जावयाला अनारशांचं वाण देतो, आणि नवं काम काढायचं झालं तर घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘एवढा महिना जाऊ दे.’ मग इस्रायलने नेमक्या अधिकमासात निवडणूक का घेतली? खरं तर ती तिथे ठरलेलीच नव्हती. ती ठरली होती पानगळीच्या दिवसांत. ती वसंताच्या तोंडाशी कशी येऊन पोचली हे समजून घ्यायचं, तर त्यांचं पंचांग थोडं उलगडावं लागतं.

आधी निवडणुकीची मूळ जागा. इस्रायलमध्ये स्थानिक निवडणूक पाच वर्षांनी येते, आणि २०१३, २०१८, २०२३ या तिन्ही खेपांना तिचा दिवस होता हेश्वान महिन्यातला तिसरा मंगळवार. संसदेच्या, म्हणजे क्नेसेटच्या निवडणुकीबद्दल तर मूलभूत कायद्यातच लिहून ठेवलंय: हेश्वानचा तिसरा मंगळवार, आणि आदल्या वर्षी अधिकमास होऊन गेला असेल तर पहिला मंगळवार. अधिकमासामुळे सगळे महिने पुढे सरकतात, मग तिसरा मंगळवार पार नोव्हेंबरात जाऊन पडतो, म्हणून ही तजवीज. (सरकारं मुदतीआधीच पडत असल्याने क्नेसेटला हा मुहूर्त क्वचितच लाभतो, ती गोष्ट वेगळी.) एका आधुनिक देशाच्या निवडणूक कायद्यात अधिकमासाचं कलम असावं, हे मला फार आवडतं.

आणि हेश्वानच का? कारण त्याच्या आधीचा तिश्री महिना सणांनी गच्च भरलेला असतो. नववर्ष, मग दहाव्या दिवशी योम किप्पुरचा कडक उपास, मग मांडवांचा सुक्कोथ, त्याला लागून सिम्हत तोरा. या दिवसांत इस्रायलमध्ये कुठल्याही कामाचं विचारा, उत्तर एकच मिळतं: ‘अखरेय हाखागिम’, सण होऊन जाऊ देत. आपल्याकडचं ‘दिवाळीनंतर बघू’ हेच. गवंडी, वकील, दातांचा डॉक्टर, सगळे सणांनंतर. तशी निवडणूकही सणांनंतर. हेश्वानात एकही मोठा सण नाही, इतका कोरडा महिना, की त्याच्या ‘मारहेश्वान’ या पूर्ण नावातल्या ‘मार’चा अर्थ लोक ‘कडू’ असा लावतात. कोरडा फक्त सणांच्या बाबतीत, कारण पावसाचे वेध मात्र याच महिन्यात लागतात. त्या देशात ७ हेश्वानपासून प्रार्थनेत पाऊस मागायला सुरुवात होते.

मंगळवारामागे थोडी सोय आहे आणि थोडी श्रद्धा. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत चालतो. त्या वेळात धर्मनिष्ठ माणूस पेनही हातात धरत नाही, तिथे मतपेट्या कोण वाहणार? मंगळवार धरला तर रविवार-सोमवार तयारीला मिळतात. शिवाय बायबलच्या पहिल्या अध्यायात, सृष्टी घडत असताना, तिसऱ्या दिवशी देवाने ‘चांगलं झालं’ असं दोनदा म्हटलंय, म्हणून मंगळवार दुप्पट शुभ. कितीतरी ज्यू लग्नं याच वारी लागतात. हिब्रूत वारांना ग्रहांची नावं नाहीत, नुसते आकडे आहेत: पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. त्यामुळे मंगळाची भीती वाटायला तिथे मंगळच नाही.

तर २०२३ ची निवडणूक ३१ ऑक्टोबरला, १६ हेश्वानला होती. बाल्कन्यांवर उमेदवारांचे कापडी फलक लागले होते. ७ ऑक्टोबरला, सिम्हत तोराच्या सकाळी, हमासचा हल्ला झाला आणि युद्ध सुरू झालं. मतदानाला चोवीस दिवस उरले होते. निवडणूक ३० जानेवारीवर गेली. तोवर अनेक उमेदवारच राखीव सैनिक म्हणून लढाईवर होते. ते प्रचार कसा करणार, म्हणून आणखी चार आठवडे पुढे, २७ फेब्रुवारीवर. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर कारभार वर्षानुवर्षं प्रशासकाकडे राहिलेला पाहिलेल्या आपल्या लोकांना चार महिन्यांची दिरंगाई म्हणजे काहीच वाटणार नाही. पण तिथे तारीख हलली म्हणजे ऋतू बदलला.

आता तो अधिकमास.

चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने केले की ३५४ दिवस होतात, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा कमी. ही तूट भरून काढली नाही, तर सण दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो. इस्लामी पंचांगात तूट भरतच नाहीत, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. हिंदू आणि ज्यू पंचांगांनी मात्र चंद्र सोडला नाही आणि सूर्यही सोडला नाही. दोघांनी मध्ये मध्ये एक जादा महिना घालायला सुरुवात केली.

ज्यूंना तो घालणं भागच होतं, कारण तोराची, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथाची, आज्ञा आहे: अवीव महिना सांभाळ आणि त्यात पेसाख, म्हणजे वल्हांडण, पाळ. अवीव म्हणजे जवाची कोवळी, नुकती भरलेली कणसं, आणि त्यावरून वसंत. (तेल अवीवमधला अवीव तोच, तेल म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्याची टेकडी.) पेसाखात नव्या जवाची पेंढी मंदिरात अर्पण करायची असे. पेसाख आलाय आणि जव अजून हिरवा, असं होऊन कसं चालेल? म्हणून प्राचीन काळी जेरुसलेमची न्यायसभा वर्षाच्या शेवटी शेतं पाहून ठरवत असे. जव तयार नाही, झाडांना फळ धरलेलं नाही, मग वर्षात एक महिना वाढवा. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या संग्रहात, रब्बान गमलिएल या धर्मप्रमुखाने दूरदूरच्या ज्यूंना धाडलेलं पत्र नोंदलंय. त्यात तो कळवतो, की कबुतराची पिल्लं कोवळी आहेत, कोकरं लहान आहेत, वसंताची वेळ झालेली नाही, म्हणून मला आणि माझ्या सहकाऱ्यांना योग्य वाटल्यावरून या वर्षात तीस दिवस वाढवले आहेत. सरकारी परिपत्रकात कोकरांचा हवाला! असं परिपत्रक आपल्या कृषी खात्याकडूनही कधी आलेलं नाही.

पुढे ज्यू देशोदेशी पांगले. जेरुसलेमचा जव पाहून कोचीनच्या किंवा कोर्डोबाच्या माणसाला निरोप कधी पोचणार? म्हणून शेताची जागा गणिताने घेतली. परंपरेने याचं श्रेय चौथ्या शतकातल्या दुसऱ्या हिल्लेलला देतात. गणित असं: १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोब्बर २३५ चांद्र महिने बसतात. १९ गुणिले १२ म्हणजे २२८. उरले सात. म्हणून १९ वर्षांच्या फेऱ्यात सात वर्षं तेरा महिन्यांची: तिसरं, सहावं, आठवं, अकरावं, चौदावं, सतरावं आणि एकोणिसावं. पडताळा घरी बसून घेता येतो. २०२४ चा वसंत ज्यू वर्ष ५७८४ मध्ये येतो. ५७८४ ला १९ ने भागा, बाकी उरते ८. आठवं वर्ष यादीत आहे, म्हणजे अधिकमास आहे.

आपला हिशेब याहून सूक्ष्म. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. त्यामुळे आपला अधिकमास कधी श्रावण, कधी आश्विन, कधी ज्येष्ठ, आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. ज्यूंचा मात्र ठरलेला, नेहमी अदार, वसंताच्या ऐन उंबरठ्यावर. पेसाखच्या आधी तूट भरून काढायची शेवटची संधी तीच. अशा वर्षी दोन अदार होतात. पहिला जादा, दुसरा खरा, आपल्या अधिक आणि निज महिन्यासारखेच. अदारातला मोठा सण पुरीम, तो दुसऱ्या अदारात करायचा.

दोन अदारांमुळे एक मजेदार कोडं पडतं. समजा, एक मुलगा पहिल्या अदारच्या पंचविसाव्या दिवशी जन्मला आणि शेजारचा त्यानंतर दहा दिवसांनी, दुसऱ्या अदारच्या पाचव्या दिवशी. तेरा वर्षांनी, बार मित्झ्वाच्या, म्हणजे मुलगा धर्माने वयात येण्याच्या वेळी, साधं वर्ष असलं तर अदार एकच. मग धाकट्याची पाच तारीख आधी येते, थोरल्याची पंचवीस नंतर. दहा दिवसांनी लहान असलेला वीस दिवस आधी वयात येतो. रब्बी हे कोडं पोरांना आनंदाने घालतात.

आणि अधिकमास म्हणून अशुभ? मुळीच नाही. उलट तालमूदमध्ये म्हटलंय, अदार लागला की आनंद वाढवावा. दोन अदार, म्हणजे आनंदाचे दोन महिने. मतदानालाही कुणाची हरकत नव्हती. तारीख मात्र गमतीची झाली. ज्यू दिवस सूर्यास्ताला बदलतो, आपला सूर्योदयाला. मोठ्या शहरांत केंद्रं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उघडी होती. सकाळी कामावर जाताना मत दिलेल्याने १८ अदारला दिलं, जेवून-खाऊन रात्री गेलेल्याने १९ अदारला. एकच निवडणूक, दोन तिथ्या.

बाहेर ऋतू कसा होता? हेश्वान म्हणजे उन्हाने भाजलेली पिवळी जमीन आणि पहिल्या पावसाची वाट. पहिला अदार म्हणजे पावसाळ्याचा शेवटचा तुकडा, कारण भूमध्य समुद्राच्या त्या किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर फेब्रुवारी हा त्यांचा श्रावण-भाद्रपद: टेकड्या हिरव्या, ऊन-पावसाचा लपंडाव. सगळ्यांत आधी बदाम फुलतो, पानं फुटायच्याही आधी, पांढरा-गुलाबी. हिब्रूत बदाम म्हणजे ‘शाकेद’ आणि जागरूक असणारा तो ‘शोकेद’; संदेष्टा यिर्मया या दोन शब्दांवर कोटी करतो, कारण बाकी झाडं झोपेत असताना जागं होणारं हे झाड. तू बिश्वात, म्हणजे श्वात महिन्याच्या १५ तारखेचं झाडांचं नववर्ष, त्या वर्षी २५ जानेवारीला आलं; पहिल्यांदा ढकललेली ३० जानेवारीची तारीख त्याच्यापासून पाच दिवसांवर होती. बदामानंतर दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटाच्या उत्तर भागात, गाझाच्या सीमेलगत, कलानियोत नावाची लाल रानफुलं फुलतात, शेतंच्या शेतं लाल होतात, आणि एरवी ती पाहायला देशभरातून गाड्या लोटतात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या भागातल्या कितीतरी गावांचे रहिवासी अजून हॉटेलांत राहत होते.

म्हणूनच सगळीकडे मतदान झालं नाही. गाझाच्या आणि लेबनॉनच्या सीमेलगतच्या, रिकाम्या केलेल्या काही पालिकांची निवडणूक आणखी पुढे गेली. गाव हॉटेलांत विखुरलेलं असताना नगराध्यक्ष कुणाचा निवडायचा? सैनिकांचं मतदान मात्र मुख्य दिवसाच्या आधीच सुरू झालं होतं.

मतदानाची रीत थोडक्यात सांगतो, कारण आपल्या नगरपरिषदेशी ती जुळते. आपल्याकडे नगराध्यक्षाला एक मत आणि प्रभागातल्या नगरसेवकासाठी वेगळं मत देतात, तसंच तिथेही दोन मतं. पिवळी चिठ्ठी महापौराला, पांढरी परिषदेच्या यादीला. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. ओळखपत्र दाखवायचं, पडद्याआड ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून आपली उचलायची, पाकिटात घालून पेटीत टाकायची. प्रभागही नाहीत. अख्खं शहर एक मतदारसंघ, यादीला जितकी मतं त्या प्रमाणात जागा. त्यामुळे एकेका गल्लीची, एकेका समाजाची, कधी एकेका घराण्याची यादी उभी राहते. थेट महापौर १९७८ पासून आहे. त्याला किमान ४० टक्के मतं लागतात, कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. आणि हा महापौर आपल्या महानगरांतल्यासारखा मानाचा धनी नसतो. आयुक्त नावाचा खरा धनी तिथे नाही, कारभार त्याच्याच हाती. रॉन हुल्दाई १९९८ पासून तेल अवीवचे महापौर आहेत, आणि याही वेळी तेच निवडून आले.

मतदानाचं वय सतरा, क्नेसेटसाठीच्या अठरापेक्षा एक वर्ष कमी. नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांनाही इथे मत आहे. पूर्व जेरुसलेमच्या पॅलेस्टिनींना ते याच नात्याने मिळतं, पण १९६७ नंतर शहर ताब्यात घेणं त्यांना मान्य नसल्याने बहुतेक जण मतदानावर बहिष्कार टाकतात. देशातल्या अरब गावांत उलटं चित्र. तिथे स्थानिक निवडणुकीला ज्यू शहरांपेक्षा जास्त गर्दी होते, कारण लढत भावकी-भावकीत असते. ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. एकूण देशात मात्र या खेपेला साधारण निम्म्याच मतदारांनी मत दिलं. सुट्टी होती, पण युद्धाने लोक थकलेले होते.

दुसरी फेरी १० मार्चला झाली, रविवारी. हैफाचा महापौर तेव्हा ठरला, योना याहाव. दुसऱ्या दिवसापासून रमजानचे रोजे सुरू झाले. म्हणजे ऋतूंतून मोकळा फिरणारा इस्लामी महिना आणि वसंताला खुंटी मारून बांधलेला ज्यू महिना त्या वर्षी एकाच अमावास्येला भेटले: ११ मार्च, पहिला रमजान, आणि १ दुसरा अदार.

आणि या सगळ्यात आपण कुठे? देशाच्या दक्षिणेला नेगेवच्या वाळवंटात दिमोना नावाचं गाव आहे, १९५५ मध्ये वसलेलं. तिथे, आणि अश्दोद, लोद, रामला, बेरशेबा इथेही, कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू राहतात. रेवदंडेकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावं, घरात मराठी, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही. पालिकेचं राजकारण या समाजाला नवं नाही: डॉ. एलिजा मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर होते. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा.

ज्यू सणांना बेने इस्रायलींनी कोकणात असताना मराठी नावं दिली होती. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. योम किप्पुरचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. तू बिश्वातला एलियाहू हनाबीचा उरूस. त्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळे गावात, संदेष्टा एलियाहूच्या रथाची खूण उमटली असं मानतात त्या खडकाशी, लोक जमतात आणि पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं घालून मलिदा करतात. आणि पुरीम म्हणजे होळीचा सण.

नाव उगाच पडलेलं नाही. अदारची चौदावी आणि फाल्गुनातली पौर्णिमा सहसा एकमेकींना चिकटून येतात. २०२३ मध्ये होळी ६ मार्चला पेटली, पुरीम त्याच संध्याकाळी लागला. मग आपण त्या पावसाळ्यात अधिक श्रावण घातला, त्यांनी पुढच्या फेब्रुवारीत अधिक अदार. म्हणजे दोघांनी आपापल्या वेळेला एकेक महिना वाढवला, आणि २०२४ मध्ये पुरीम आला २४ मार्चला, होळीच्याच दिवशी. जेरुसलेममध्ये, जुन्या तटबंदीचं शहर म्हणून, पुरीम एक दिवस उशिरा करतात. तो पडला २५ मार्चला, आपल्या धुळवडीला. दरवेळी असं जुळत नाही. २०२१ मध्ये पुरीम २६ फेब्रुवारीला होऊन गेला आणि होळी २८ मार्चला आली, कारण आमचा अधिक आश्विन आदल्या वर्षी होऊन गेला होता आणि त्यांचा अदार २०२२ मध्ये यायचा होता. वर्षाहून जास्त काळ दोन्ही पंचांगं महिन्याच्या अंतराने चालली, मग पुन्हा एका पावलावर आली.

रिकाम्या केलेल्या गावांची निवडणूक अखेर १९ नोव्हेंबर २०२४ ला झाली. उत्तरेत लेबनॉनच्या सीमेवर त्या दिवशीही लढाई चालू होती, आणि किर्यात श्मोनाचे बहुतेक रहिवासी अजून घरी परतलेले नव्हते. ती तारीख मी पंचांगात शोधली: मंगळवार, १८ हेश्वान. महिन्यातला तिसरा मंगळवार.